१/७२ कॅटलिनाचं किट: विमान एक नंबर, पण डब्यात राफ्टच नाही

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. किट घ्या, पैसे वसूल आहेत, पण डब्यावरचं चित्र बघून जे मनात येतं ते आत मिळणार नाही, ते तुम्हाला स्वतः बनवावं लागेल. पीबीवाय-५ए कॅटलिना, दुसऱ्या महायुद्धातलं पाण्यावर उतरणारं अमेरिकन विमान, त्याचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल, १/७२ स्केल, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. डब्यावर असं चित्र की विमान भर समुद्रात उतरलंय, बाजूच्या काचेच्या फुगवट्यातून, म्हणजे ब्लिस्टरमधून, दोघंजण कमरेपर्यंत बाहेर वाकलेत आणि खाली पिवळ्या राफ्टमधल्या माणसाला हात देतायत. चित्र इतकं सुंदर आहे की मी त्याच्याकडे बघूनच किट उचललं. आणि उघडल्यावर काय, तर पंखाखाली लावायचे बॉम्ब आहेत, पाणबुडीवर टाकायचे डेप्थ चार्ज आहेत, मशीनगनी आहेत, आणि राफ्ट नाही. एकही माणूस नाही. ब्लिस्टर पण बंदच दिलाय. हीच माझी या किटबद्दलची मुख्य तक्रार, बाकीच्या सगळ्या बारीकसारीक आहेत.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे जुनं टूलिंग आहे आणि असे साचे वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत फिरत असतात, नाव बघून घ्यायला जाल तर फसाल. प्लास्टिक फिकट राखाडी, थोडं मऊ, निपरनं छान कापलं जातं. फ्लॅश, म्हणजे साच्याच्या कडेला आलेलं जास्तीचं प्लास्टिक, नावापुरता. पॅनल लाईन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, बहुतेक ठिकाणी खोदलेल्या आहेत, काही ठिकाणी जरा जास्तच खोल गेल्यात पण प्रायमरचे दोन हात दिले की बसतं. मला तीन हजाराच्या आतबाहेर पडलं, कुरियर धरून. आजकाल या स्केलच्या दोन इंजिनांच्या विमानाला हा भाव ठीकच म्हणायचा. तयार झाल्यावर पंख ४४ सेंटीमीटर आणि लांबी २७ सेंटीमीटर भरते, तेव्हा कपाटात जागा आहे का ते आधी बघा, कारण खरं विमान १०४ फूट पंखांचं होतं आणि हे लहान स्केलमध्ये सुद्धा लहान वाटत नाही.

आता राफ्ट नाही म्हणून मी एवढा का अडून बसलोय ते सांगतो. कॅटलिना हे विमान मुळात गस्तीसाठी बनवलं होतं, कन्सॉलिडेटेड कंपनीनं, पहिलं उड्डाण मार्च १९३५ मधलं, म्हणजे युद्ध येईपर्यंत ते तसं जुनंच झालं होतं. वेग बघा, निवांत उडताना तासाला जेमतेम २०० किलोमीटर. जपानी झीरो या लढाऊ विमानाच्या समोर हे विमान म्हणजे आयतं सावज. पण दोन गोष्टी त्याच्याकडे होत्या, एक म्हणजे एका दमात चार हजार किलोमीटरच्या आसपास जायची ताकद, आणि दुसरी म्हणजे पाण्यावर उतरायची सोय. आणि पॅसिफिकमध्ये माणूस वाचवायचा तर नेमक्या याच दोन गोष्टी लागत होत्या. तिथला नकाशा एकदा नीट बघा, युरोपातल्या सारखं नाही की पडलो तरी शेत असेल, गाव असेल, निदान जमीन असेल. इथं बेटं म्हणजे ठिपके आणि मधे नुसतं पाणी, आणि त्यातली निम्मी बेटं शत्रूची. पायलट वाचून पॅराशूटनं उतरला तरी तो उतरणार पाण्यातच, आणि त्याच्याकडे काय, तर एक फुगवायचं जॅकेट, नशीब असेल तर एका माणसाचा रबरी राफ्ट, आणि अंगात असेल तेवढा धीर. त्याला शोधायला जी विमानं जायची त्यांना रेडिओवर डंबो म्हणायचे, डिस्नीच्या त्या मोठ्या कानांच्या उडणाऱ्या हत्तीच्या पिल्लावरून. पुढे हे नाव इतकं रुळलं की अख्ख्या कामालाच डंबो म्हणायला लागले. हल्ल्याला निघण्याआधी वैमानिकांना ब्रीफिंगमध्येच सांगायचे की आज डंबो अमुक ठिकाणी घिरट्या घालत असेल, माणसं उचलायला थांबलेली लाईफगार्ड पाणबुडी अमुक ठिकाणी असेल. विमानात बसतानाच माणसाला माहिती की पडलो तर कुणीतरी येणार आहे. याचा लढणाऱ्या माणसाच्या मनावर काय परिणाम होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आता बांधणी. फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन भाग सरळ आहेत, वाकलेले नाहीत, टेपनं बांधून एक्स्ट्रा थिन सिमेंट लावलं की सांधा जवळपास नाहीसा होतो, फक्त बोटीसारख्या तळाच्या मधल्या धारेवर थोडी पुट्टी लागते. कॉकपिट बरं आहे, दोन सीट, दोन स्टिअरिंग, पॅनलसाठी डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र. त्याच्या मागे मात्र किट एकदम गरीब होतं. खऱ्या विमानात मधल्या भागात बंक होते, झोपायला, छोटी शेगडी सुद्धा असायची कारण गस्त पंधरा पंधरा तासांची. आणि याच बंकांवर समुद्रातून काढलेली माणसं आडवी केली जायची. किटमध्ये तिथं एक सपाट फळी दिलीय, बस. मी पातळ प्लास्टिक शीट कापून बंक केले, टिश्यू पेपर पातळ फेविकॉलमध्ये भिजवून त्याची पांघरुणं केली, ब्लिस्टरमधून बघितलं तर दिसतात.

आणि ब्लिस्टर. या विमानाचं सगळं काही ब्लिस्टर आहे असं माझं मत. शेपटीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना पाण्याच्या मोठ्या थेंबासारखे दोन काचेचे फुगवटे. मुळात ते टेहळणीसाठी आणि बाजूच्या मशीनगनसाठी, पण फिरवून उघडले की पाण्याच्या अगदी जवळ एक मोठं दार तयार होतं. समुद्रातून ओढलेला जवळजवळ प्रत्येक माणूस या दारातून आत आलाय. म्हणून हे बंद ठेवणं मला पटत नाही. १५ फेब्रुवारी १९४४ ला न्यू गिनीजवळच्या न्यू आयर्लंड बेटाच्या कॅव्हिएंग बंदरावर अमेरिकन आर्मीच्या बॉम्बर विमानांनी हल्ला केला, त्यातली बरीच विमानं तिथंच पाण्यात पडली, किनाऱ्यापासून अगदी जवळ, जपानी तोफांच्या टप्प्यात. व्हीपी-३४ स्क्वाड्रनचा लेफ्टनंट नेथन गॉर्डन त्या दिवशी डंबो म्हणून वर होता. तो उतरला. लाटा मोठ्या, तोफांचे गोळे आजूबाजूला पडतायत, आणि आत ओढताना लक्षात आलं की इंजिनं चालू असली की विमान पुढे सरकतं आणि दोरी धरलेला माणूस फरफटतो, आत घेताच येत नाही. म्हणून त्यानं इंजिनं बंद केली. शत्रूच्या तोफांसमोर, बंदरात, दोन्ही इंजिनं बंद. परत चालू झाली नसती तर सगळेच गेले होते. एक गट उचलला, उडाला, परत उतरला, पुन्हा उडाला, असं तीनदा उतरून नऊ माणसं घेऊन घरी निघालेला असताना निरोप आला की अजून सहाजण आहेत, किनाऱ्याच्या अजून जवळ. तो परत फिरला आणि चौथ्यांदा उतरला. १५ माणसं आणली त्यानं. त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं आणि नंतर तो वीस वर्षं आर्कान्सा राज्याचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. आता सांगा, ही गोष्ट माहिती असताना मी ब्लिस्टर बंद करून त्यात मशीनगन कशी काय चिकटवू?

तर ब्लिस्टर उघडा कसा करायचा. क्लिअर भागावरच्या चौकटीच्या रेषा स्पष्ट आहेत हे या किटचं चांगलं, त्या रेषेवर मास्किंग टेप लावून बारीक रेझर सॉनं हळूहळू कापा, जोर लावू नका, क्लिअर प्लास्टिक ठिसूळ असतं आणि एकदा तडा गेला की तो लपत नाही. कापलेला वरचा भाग आत सरकवून बसवायचा, खऱ्या विमानात पण तो असाच वर फिरून आत जायचा. कडा सॅंडपेपरनं साफ करून क्लिअर ग्लॉसमध्ये बुडवून वाळवल्या की परत चमक येते. आणि काचेच्या कुठल्याही भागाला इन्स्टंट ग्लू लावू नका, वाफेनं काच धुरकट होते, पांढरा फेविकॉल बास आहे, वाळला की दिसत पण नाही.

पंखाकडे येतो, इथं किटनं मन जिंकलं. कॅटलिनाचा पंख सगळा धातूचा नव्हता, मागच्या भागावर आणि एलेरॉनवर, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांवर, कापड ताणून बसवलेलं असायचं. या किटमध्ये तो फरक नीट दाखवलाय, पुढचा भाग गुळगुळीत पत्र्याचा आणि मागे कापड रिबवर, म्हणजे आतल्या फासळ्यांवर, ताणल्यावर जो हलका खोलगटपणा येतो तो अगदी बेतानं. बऱ्याच किटमध्ये हे इतकं वाढवून दाखवतात की पंख उपाशी वाटतो, इथं तसं नाही. सॅंडपेपर मारताना हा भाग सांभाळा.

हा कापडाचा भाग मी एवढा लावून धरतो त्याला कारण आहे लेफ्टनंट एड्रियन मार्क्स. २ ऑगस्ट १९४५. त्याच्या तीन दिवस आधी, ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर, इंडियानापोलिस ही अमेरिकन क्रूझर युद्धनौका आय-५८ या जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली, जेमतेम १२ मिनिटांत. त्याच जहाजानं काही दिवस आधी टिनियन बेटावर अणुबॉम्बचे भाग पोचवले होते. जवळपास १,२०० माणसं जहाजावर, त्यातली तीनशेच्या आसपास जहाजाबरोबरच गेली आणि बाकीची पाण्यात. आणि जहाज वेळेवर पोचलं नाही याची कुणी दखलच घेतली नाही. दिवस गेले, माणसं तहानेनं, उन्हानं, शार्कनं, खारं पाणी पिऊन भ्रमिष्ट होऊन मरत राहिली. शेवटी सापडली ती सुद्धा योगायोगानं, पेलेलियू बेटावरून गस्तीला निघालेल्या व्हेंचुरा विमानाच्या मागे लोंबणारी अँटेना नीट चालत नव्हती म्हणून पायलट विल्बर ग्विन ती बघायला मागे गेला, त्यानं खाली पाहिलं तर तेलाचा तवंग. आधी वाटलं पाणबुडी असेल. खाली येऊन बघतो तर तेलात माखलेली माणसांची डोकी.

मार्क्स त्याच्या मदतीला कॅटलिना घेऊन निघाला. वाटेत सेसिल जे. डॉयल हे जहाज खाली दिसलं, त्याच्या कॅप्टनला, ग्रॅहम क्लेटर त्याचं नाव, रेडिओवर सांगितलं की माणसं पाण्यात आहेत, आणि क्लेटरनं वरून ऑर्डर यायची वाट न बघता जहाज वळवलं. मार्क्स तिथं पोचला, राफ्ट टाकले, सामान टाकलं, आणि वरून त्याला दिसलं की शार्क माणसांवर येतायत. खुल्या समुद्रात उतरायला सक्त मनाई होती आणि ती मनाई शहाणपणाचीच होती, कारण कॅटलिना शांत पाण्यासाठी बनवलेलं, १२ फुटी लाटांवर आदळलं की तळाचे रिव्हेट उडतात, सांधे उघडतात. तरी तो उतरला. रिव्हेट उडालेच. क्रूनं जे सापडलं ते भोकांत कोंबलं. आणि मग त्यानं जे ठरवलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. जे गटात आहेत, राफ्टवर आहेत, त्यांना एकमेकांचा आधार आहे, ते अजून काही तास काढतील, जे एकटे पोहतायत ते मात्र जातील, म्हणून आधी एकट्यांना उचलायचं. मग तो विमान बोटीसारखं चालवत एकेका एकट्या माणसाकडे जात राहिला. आतली जागा संपली, बंक भरले, फरशी भरली, तेव्हा माणसं पंखांवर चढवली आणि पॅराशूटच्या दोऱ्यांनी बांधली. पंखाचं कापड त्यात फाटलं, आता विमान उडणार नाही हे सगळ्यांना कळत होतं. ५६ माणसं. रात्रभर ते विमान पाण्यावर तरंगत राहिलं. मध्यरात्रीच्या सुमाराला डॉयल आलं, आणि क्लेटरनं युद्धाच्या काळात, पाणबुड्यांच्या समुद्रात, सर्चलाईट वर ढगांवर टाकला म्हणजे पाण्यातल्या माणसांना दिसावं की कुणीतरी आलंय. एकूण ३१६ जण वाचले. मार्क्सचं विमान पुन्हा उडण्यासारखं राहिलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी डॉयलनंच ते बुडवलं.

म्हणून मी हे मॉडेल मार्क्सच्या विमानासारखं केलंय. ते ५ए होतं, चाकांचं, आणि किटही ५एचंच आहे त्यामुळे काटछाट करावी लागत नाही. चाकं वर घेतलेली दाखवायची म्हणजे बाजूच्या खोबणीत चाक बसतं, कॅटलिनाचं मुख्य चाक झाकलं जात नाही, ते बाहेरून दिसतं. आणि पुढचं चाक आत गेलं की त्यावर झडपा. या झडपा किटमध्ये उघड्या स्थितीसाठी बनवल्यात, बंद करायला थोडं घासावं लागतं पण होतं. जर तुम्ही चाकांवर उभं करणार असाल तर नाकात वजन टाकायला विसरू नका, नाहीतर शेपटीवर बसतं. सूचनापत्रात वजन किती ते दिलेलं नाही, मासेमारीच्या दुकानात गळाला लावायचे शिशाचे गोळे मिळतात ते कॉकपिटच्या खाली आणि पुढे बसतील तेवढे भरा, कंजुषी नको.

पंखाच्या टोकाचे फ्लोट वर आणि खाली दोन्ही प्रकारे लावता येतात. हवेत असताना फ्लोट वर वळून पंखाचं टोकच होऊन जातो, ही त्या काळातली फार हुशार रचना, आणि किटमध्ये दोन्ही पर्यायांचे वेगळे भाग आहेत हे कौतुकाचं. पाण्यावर दाखवायचं तर खालीच. त्यांच्या काड्या मात्र फार नाजूक आहेत, सगळ्यात शेवटी लावा. पंख आणि फ्यूजलाज यांच्यामधला जो खांब आहे ना, पायलॉन, त्यात खऱ्या विमानात फ्लाईट इंजिनिअर बसायचा, दोन्ही बाजूंना त्याच्या छोट्या खिडक्या. त्या खिडक्यांच्या काचा आतून लावायच्या आहेत, जोडायच्या आधी लावा, सूचनापत्रात हा क्रम चुकीचा छापलाय.

रंग. नेव्हीची तीन रंगांची पद्धत, वर गडद सी ब्लू, बाजूला मधला निळा, खाली पांढरा. पांढऱ्यापासून सुरुवात करा. आपल्याकडे पावसाळ्यात लॅकर मारलं तर दमटपणानं रंगावर पांढुरकं सावट येतं, विशेषतः मुंबई-कोकणात, तेव्हा एकतर ॲक्रिलिक वापरा नाहीतर कोरडा दिवस बघा. पॅसिफिकच्या उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं हे रंग फार लवकर विटायचे, त्यामुळे वरचा निळा थोडा पांढरा मिसळून फिका करा आणि पाण्याच्या रेषेच्या वर हलका मिठाचा पट्टा द्या. गंज मात्र दाखवू नका, ॲल्युमिनियम आहे ते.

डिकॅलमध्ये दोन पर्याय, एक नेव्हीचं साधं, दुसरं काळं, ब्लॅक कॅट, म्हणजे रात्री जहाजांवर हल्ले करणारी कॅटलिना. गंमत अशी की गॉर्डनचं व्हीपी-३४ स्क्वाड्रन याच ब्लॅक कॅटपैकी, रात्री बॉम्ब टाकायचे आणि दिवसा डंबोची पाळी आली की माणसं उचलायचे. पण मला मनापासून जो पर्याय हवा होता तो नाहीये, आर्मीच्या इमर्जन्सी रेस्क्यू स्क्वाड्रनचा. नेव्हीच्या विमानांवर किती दिवस अवलंबून राहायचं म्हणून आर्मी एअर फोर्सनं स्वतःची रेस्क्यू स्क्वाड्रन उभी केली आणि त्यांना कॅटलिनाच दिली, कॅनडात बनलेली, ओए-१०ए नावानं. सेकंड इमर्जन्सी रेस्क्यू स्क्वाड्रन १९४४ मध्ये न्यू गिनीच्या भागात आली, पुढे मोरोताईवरून उडली, स्वतःला स्नाफू स्नॅचर्स म्हणवून घ्यायची. फोर्थवाले पेलेलियू आणि इवो जिमाच्या बाजूला. लढाऊ स्क्वाड्रनची नावं सगळ्यांना पाठ असतात, यांची कुणाला माहिती नसतात, आणि डिकॅल बनवणारे पण यांना विसरतात हे मला खरंच लागतं. वेगळी डिकॅल शीट मिळाली तर जरूर घ्या, प्लास्टिकमध्ये काही बदलावं लागत नाही. अमेरिकेत ओहायोच्या आसपास जी मराठी मंडळी राहतात त्यांनी डेटनच्या एअर फोर्स म्युझियममध्ये जाऊन या, प्रवेश फुकट आहे, आणि तिथं सेकंड रेस्क्यूच्याच रंगातलं खरंखुरं ओए-१० उभं आहे. ते विमान नंतर ब्राझीलच्या हवाई दलाकडे होतं, ॲमेझॉनच्या भागात १९८१ पर्यंत लोकांच्या मदतीसाठी उडत होतं. मॉडेल करणाऱ्यांनी ब्लिस्टरचे आणि चाकाच्या खोबणीचे जवळून फोटो काढा, फार उपयोगी पडतात.

कॅटलिना एकटीच सगळं करत होती असं मात्र नाही, आणि शेजारी काय ठेवायचं याचा विचार करत असाल तर हे वाचा. पहिली पाणबुडी. लाईफगार्ड म्हणून उभ्या केलेल्या अमेरिकन पाणबुड्यांनी युद्धात ५०४ वैमानिक उचलले. टॅंग या एकट्या पाणबुडीनं एप्रिल १९४४ च्या शेवटी जपानी नौदलाचा तळ असलेल्या ट्रुकजवळ २२ जण घेतले, आणि त्यातले बरेचसे तिला आणून दिले नॉर्थ कॅरोलिना युद्धनौकेच्या छोट्याशा किंगफिशर विमानानं, त्याचा पायलट जॉन बर्न्स. पंखांवर इतकी माणसं बसली होती की उडायचं नावच नको, पाण्यावरून चालवतच त्यानं त्यांना टॅंगपर्यंत नेलं. किंगफिशरचं किट छोटं आणि सोपं असतं, याच्या बाजूला छान दिसेल. सप्टेंबर १९४४ मध्ये चिचिजिमा या जपानी बेटाजवळ फिनबॅक पाणबुडीनं ज्या तरुण पायलटला उचललं तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, जॉर्ज बुश, थोरले.

दुसरी गोष्ट बोटीची. बी-१७ बॉम्बरच्या पोटाखाली २७ फुटांची अख्खी बोट टांगायचे, हिगिन्सनं बनवलेली, बारा माणसांचं सामान, इंजिनं, शीड सगळं आत, आणि तीन पॅराशूटवर ती खाली सोडायचे. बी-२९ मारियाना बेटांवरून जपानवर जायला लागल्यावर हे सगळं जाळं अजून दाट करावं लागलं, कारण जाऊन येऊन तीन हजार मैल, चौदा-पंधरा तास, आणि खाली फक्त समुद्र. मग काही बी-२९ विमानांनाच रेस्क्यूचं सामान देऊन वर घिरट्या घालायला ठेवायचे, त्यांना सुपर डंबो म्हणायचे, हे खाली उतरू शकत नव्हते पण राफ्ट टाकायचे, माणसावर नजर ठेवायचे आणि पाणबुडीला किंवा कॅटलिनाला बोलावून आणायचे. समुद्रात पडल्याचं नक्की माहिती असलेल्या १,३१० बी-२९ वाल्यांपैकी ६५४ वाचले. म्हणजे निम्मे. हा आकडा कमी वाटत असेल तर तो समुद्र आठवा, त्यात एका माणसाचं डोकं वरून केवढं दिसत असेल ते आठवा.

आणि दिसणं हाच तर सगळा खेळ होता. म्हणून मी तळ बनवताना यावर सगळ्यात जास्त वेळ घातला. राफ्ट एम-सीलची बारीक वळी करून बनवला, टोकं जुळवून लांबट गोल केला, खाली कागद, वर क्रोम पिवळा. माणसं १/७२ ची सैनिकांची पाकिटं मिळतात त्यातली, हातातल्या बंदुका कापून टाकल्या आणि हात वर केले. राफ्टच्या भोवती पाण्यात हिरवट पिवळा डाग दाखवा, क्लिअर ग्रीन आणि क्लिअर यलो पातळ करून, कारण पडलेले वैमानिक पाण्यात रंगाची पुडी सोडायचे आणि तो चमकणारा हिरवा पट्टा वरून दिसायचा. हातात छोटा चौकोनी आरसा दिलात तर अजून छान, तो सुद्धा सिग्नलचाच. मोठ्या राफ्टमध्ये एक पिवळी पेटी ठेवा, कंबरेत बारीक असलेली, तिला गिब्सन गर्ल म्हणायचे, दोन गुडघ्यांत धरून हँडल फिरवायचा की आपोआप एसओएस जायला लागायचा, आणि तिची अँटेना पतंगानं वर न्यायचे. पतंग आणि केसाएवढी तार मी लावलीय, तार म्हणजे गरम करून ताणलेला स्प्रू, किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागलेले असतात ती. घरी येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न त्या पतंगाचाच विचारतो, आणि मग सगळं सांगायला मिळतं. पाण्यासाठी टिश्यू पेपर आणि फेविकॉलच्या लाटा, वर ॲक्रिलिक जेल. लाटा मोठ्या करा, विमान थोडं तिरकं ठेवा.

पहिलंच किट करणार असाल तर हे घेऊ नका, पंखाच्या खालच्या काड्या आणि ब्लिस्टर दोन्ही त्रास देतात, आधी एखादं साधं एका इंजिनाचं करून हात बसवा. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींबरोबर करत असाल तर जरूर घ्या, पण बॉम्ब लावायला त्यांना देण्याऐवजी राफ्ट आणि माणसं त्यांच्याकडून करून घ्या, माझ्या भाचीनं तेच केलं आणि मार्क्सनं आधी एकट्यांना का उचललं हे ती आता शाळेत सांगते. बॉम्ब आणि डेप्थ चार्ज दुसऱ्या मॉडेलसाठी जपून ठेवा, चांगले ओतलेत. मागवताना विकणाऱ्याला डबा बबल रॅपमध्ये द्यायला सांगा, आणि पार्सल हातात आल्याबरोबर सगळ्यात आधी क्लिअर स्प्रूची पिशवी उजेडात धरून बघा, दोन्हीपैकी कुठल्याही ब्लिस्टरला ओरखडा किंवा तडा असेल तर लगेच परत करा, बाकी सगळं दुरुस्त करता येतं.